दादा, स्टुलं आली!

वाडी, अमरावती रोड, नागपूर
१२ मार्च

तीर्थस्वरूप बाबनदादा यांस,
धाकटी बहीण लतिका हिचा साष्टांग नमस्कार.

आपण सर्व मंडळी सुखरूप असाल अशी आशा करते. (हे 'आपण' फक्त पहिल्या ओळीपुरतं, शाळेत बाईंनी शिकवलं होतं म्हणून. इथून पुढे तू.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावून राहिला का नुसता लोकाईले दाखवून राहिला? वहिनीची शिलाई मशीन दुरुस्त झाली का? तहसीलसमोरचं तुझं झेरॉक्सचं दुकान बरं चालत असन. इकडे आमचं सारं ठीक आहे. तुझे जावई, म्हणजे आमचे हे, ट्रक घेऊन हैदराबादकडे गेले आहेत, परवा येतीन.

पत्र पाहून तू घाबरशील. आजकाल पत्र एक तं बँकेतून येते नाहीतर कोर्टातून. पण मी काय करू गा? फोनवर मी तोंड उघडलं की तू 'हॅलो, हॅलो, आवाज कटून राहिला' म्हणतो अन् ठेवून देतो. (वहिनीनं सांगितलं मले, तेव्हा टॉवर फुल असते.) व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तं तू जोडलेले हात पाठवतो. पत्र मात्र मधातच कापता येत नाही, म्हणून लिहून राहिली.

संक्रांतीले तू काय म्हणाला होता, आठव. 'लतिका, तुले प्रत्येक गोष्टीवर मत असते. पुलावर मत, सरकारावर मत, कंपनीवर मत, लोकाईच्या पोरीच्या लग्नावर मत. नोकरीवाल्या बाईनं मत कपाटात ठेवावं अन् गुमान काम करावं.' तेव्हा माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता म्हणून मी चूप राहिली. आता तोंड मोकळं आहे. दादा, मी जिंकली. एकटी नाही, आम्ही साऱ्या जिंकलो, अन् ते बी या मतापायीच. तू म्हणशील, मत मांडायचा हक्क माझा, मी पक्षाचा तालुका उपाध्यक्ष आहो. असशील. कोण्या पक्षाचा ते मी इथे लिहीत नाही, पत्र पोचेपर्यंत बदलला तं पंचाईत. (मागच्या दोन पक्षाईच्या दुपट्ट्यात वहिनी पोळ्या गुंडाळते. पोळ्या नरम राहतात म्हणे. पक्षाचा तेवढा तरी उपयोग झाला.)

तं ऐक. आमचं गोडावन तू बाहेरून पाहिलं आहे, ट्रकाईची रांग लागते तेच. लोकं घरी बसून मोबाइलवर बोट ठेवतात अन् त्याईचा मिक्सर, त्याईची साडी, त्याईच्या चपला आम्ही खोक्यात भरतो. एकशे चाळीस बाया, दहा तास, उभ्यानं. आधी असं नव्हतं. आधी रिकामी क्रेट उलटी टाकायची, तिच्यावर घडीभर टेकायचं, हातातलं काम चालूच. डिसेंबरात वरून एक ट्रेनर आला, टाय लावून. त्यानं सांगितलं की बसल्यानं माणसाची ऊर्जा खाली जाते. (कुठे खाली जाते ते नाही सांगितलं.) हे त्यानं दीड तास सांगितलं, खुर्चीवर बसून. दुसऱ्या दिवशी आमचा सुपरवायझर जितेंद्र आला अन् साऱ्या क्रेटी उचलून घेऊन गेला.

आपल्या बाबाईले आठव. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं बसले. बसल्यानं ऊर्जा जात असती तं तेवढी लुगडी काय वाऱ्यानं विणली? पण हे मी कोणाले सांगू? त्या ट्रेनरनं माग पाहिला असन तं एखाद्या हॉटेलात शोभेले ठेवलेला.

जानेवारीपर्यंत साऱ्याईचे पाय बोलाले लागले. आमच्यात सगळ्यात मोठी भागीरथाबाई, सत्तावन वर्षांची. संध्याकाळी तिचे पाय असे सुजत की ती चप्पल हातात घेऊन ऑटोत चढत होती. एका दिवशी ऑटोवाल्यानं विचारलं, 'मंदिरातून आल्या का आजी?' ती म्हणाली, 'नाई बाबू, प्रगतीतून.' (कंपनीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'प्रगती' लिहून आहे ना, म्हणून.)

मग कंपनीनं आमचं मत विचारलं. खरंच विचारलं. दाराशी टीव्हीसारखा एक पडदा लावला. त्यावर पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, अन् वर लिहिलेलं, 'आज कसं वाटलं? मनमोकळं सांगा.' घरी जाताना एक तोंड दाबायचं. माझं मत असतेच, तुले माहीत आहे. मी रडकं तोंड दाबलं. रोज. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी पाहते तं रडकं तोंड दबूनच नाही राहिलं. जितेंद्र बाजूले उभा. म्हणाला, 'ताई, ते बिघडलं आहे. दुरुस्त होईपर्यंत हसरं दाबा.' दादा, तुमच्या पुढाऱ्याईले हा पडदा दाखवू नको, मतदानाच्या मशीनवर आणतीन.

दुसऱ्या दिवशी मले एच आर मॅडमनं बोलावलं. नूपुर नाव तिचं, पुण्याची पोरगी, पंचविशीची. बोलणं इतकं गोड की रागावता येत नाही. म्हणाली, 'लतिकाताई, तुमच्याकडून थोडी नकारात्मकता येतेय. तुम्हाला पॉझिटिव्ह वाटावं म्हणून आम्ही काय करू शकतो?'

मी म्हटलं, 'स्टूल द्या.'

तिनं लिहून घेतलं. डोळे वर करून विचारलं, 'आणि भावनिक पातळीवर?'

मी म्हटलं, 'भावनिक पातळीवर बी स्टूलच द्या.'

ती हसली नाही, पण तिचं पेन थांबलं. म्हणाली, 'मी वर कळवते.' वर म्हणजे गुरुग्रामचं मोठं ऑफिस. तिथून आठ दिवसांनी उत्तर आलं अन् आमच्यासाठी ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, कल्पना करा की तुम्ही समुद्रकिनारी आहात. सारं उभ्यानं! भागीरथाबाईनं विचारलं, 'समुद्रकिनारी तरी बसू का?'

आता तुझ्या पोरीचं, प्रणालीचं ऐक. फेब्रुवारीत ती माझ्याकडे चार दिवस आली होती ना? तू मले सांगितलं होतं, पोरगी बी. ए. झाल्यापासून दुकानात झेरॉक्स काढते, जरा शहर दाखव. शहर तिनं पाहिलं नाही. तिनं भागीरथाबाईचे पाय पाहिले अन् म्हणाली, 'आत्या, उभ्यानं काम करणाऱ्याले बसायची सोय द्यावी लागते, हे कायद्यातच आहे वं.' मी विचारलं, तुले काय माहीत? तं म्हणते, 'बाबाच्या दुकानात लोकं कोर्टाचे कागद घेऊन येतात. मशीन गरम होईपर्यंत मी वाचते.' दादा, तुझ्या दुकानात वकील बसून राहिला अन् तू त्याच्याकडून पानं मोजून घेऊन राहिला!

तिनं अर्ज लिहिला. मी आपली 'नम्र विनंती' म्हणून सुरुवात केली होती, तिनं ते खोडून 'मागणी' केलं. कायद्याचा आधार टाकला, पायाच्या सुजेबद्दल दवाखान्याच्या तीन चिठ्ठ्या जोडल्या. पहिली सही भागीरथाबाईनं केली, दुसरी मी. पण एकशे चाळिसातून एकतीसच झाल्या. बाकीच्या घाबरल्या, अन् त्याईचं चुकलं असं मी म्हणत नाही. कोणाचा नवरा घरी बसला आहे, कोणाचं पोर इंग्रजी शाळेत आहे. मी बी त्या रात्री झोपली नाही. अर्ज पाठवला. उत्तर आलं, 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' खाली गुलाबाचं चित्र.

त्यानंतर आला महिला दिन. आठ मार्च, रविवार. (आमच्या गोडावनाले रविवार लागत नाही.) सर्वात मोठे साहेब विमानानं येणार होते. स्टेज बांधलं, वर पांढऱ्या कव्हरचा सोफा ठेवला, तिघं बसतीन असा, अन् मागे बॅनर लावला, 'स्वतःच्या पायावर उभी! नारीशक्तीला सलाम.' भागीरथाबाईले मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आपून तं रोजच उभ्या राहतो वं, त्यात सलाम कायचा?'

साडेनऊले आम्हाले रांगेत उभं केलं, गुलाबी टोप्या घालून, हातात एकेक गुलाब देऊन. साहेब दहाले येणार होते. साडेदहा झाले, अकरा झाले. साहेबाईची गाडी विमानतळावरून निघाली, इतकंच कळत होतं. (तुमच्या मंत्र्याईचं बी असंच असते. मोठ्या माणसाची गाडी नेहमी निघालेलीच असते.) अकरा वाजून गेल्यावर भागीरथाबाईच्या हातातलं गुलाब खाली पडलं, अन् मी पाहते तं मागोमाग ती बी चालली. मी एका बाजूनं धरलं, रांगेतल्या यमुताईनं दुसऱ्या बाजूनं. तिचं अंग थंडगार. अन् दादा, एवढ्या मोठ्या गोडावनात बसायसारखी एकच गोष्ट होती. आम्ही तिले उचलून स्टेजवर नेलं अन् सोफ्यावर बसवलं. ती तोल जाऊन पडू नये म्हणून एकीकडून मी बसली, एकीकडून यमुताई.

जितेंद्र धावत आला. 'ताई, तो साहेबांचा सोफा आहे!'

मी म्हटलं, 'साहेब आले की उठू. आत्ता इथे कोणी आहे का?'

अन् नेमके साहेब आले. मागे कॅमेरेवाले, पुढे हार. खरं सांगते, मी उठूनच राहिली होती. नोकरी गेली तं खोलीच्या भाड्याचं काय, हे ट्रकवर असताना घरचं काय, सारं एका क्षणात डोक्यातून गेलं. पण भागीरथाबाईनं माझा हात इतका घट्ट धरला की उठता येईना. तोवर कॅमेरे आमच्याकडे फिरले होते. साहेब एक घडी थांबले, मग हात जोडून हसले. 'बैठिए माताजी, बैठिए! आज का दिन आपका है.' मालकानं स्वतः बसा म्हटल्यावर मी कायले उठू? बसली.

साहेब उभ्यानं भाषण करू लागले. त्याईचं भाषण कोणीतरी लिहून दिलेलं होतं, जाडजूड. नारी उभी राहिली तं कुटुंब उभं राहते, कुटुंब उभं राहिलं तं देश उभा राहते. दहा मिनिटं बरे होते. मग एका पायावरून दुसऱ्यावर आले. मग कोपर माइकच्या दांड्यावर टेकवलं, तं दांडाच वाकला. मग जोड्यातून टाच बाहेर काढली. मी खाली पाहिलं. एकशे सदतीस बाया साहेबाईच्या पायाकडे पाहून राहिल्या होत्या. दहा तास उभं राहणाऱ्या बाईले दुसऱ्याचे पाय वाचता येतात. शेवटी साहेबाईनं जितेंद्रले हळूच विचारलं, 'एक कुर्सी मिलेगी?' माइक चालू होता. साऱ्या गोडावनात ऐकू गेलं.

जितेंद्र धावला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वरच्या ऑफिसाले कुलूप, अन् खाली त्यानं स्वतःच्याच हातानं एक बी क्रेट शिल्लक ठेवली नव्हती. तो रिकाम्या हातानं परत आला, घामाघूम.

तेव्हा मी उभी राहिली. मी विचारलं, 'साहब, कितने मिनट हुए?'

त्याईनं घड्याळ पाहिलं. 'बाईस.'

'हमारे दस घंटे होते है, साहब. रोज.'

नूपुर मॅडम भिंतीपाशी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक. अन् मग भागीरथाबाई, जिले अर्ध्या तासाआधी चक्कर आली होती, ती सोफ्यावर सरकली, बाजूची जागा हातानं थोपटली अन् म्हणाली, 'ये ना बाबू, बस. मावतो आपण.'

अन् साहेब बसले! टाळ्या वाजल्या तं पत्र्याचं छत घुमलं. मी ब्लाउजमधून अर्जाची घडी काढली (प्रणालीनं सांगितलं होतं, एक प्रत नेहमी अंगावर ठेवायची) अन् त्याईच्या हातात दिली. त्याईनं वाचली, तीन चिठ्ठ्या पाहिल्या, भागीरथाबाईच्या पायाकडे पाहिलं. मग विचारलं, 'ये मुझे पहले क्यों नहीं बताया गया?'

आता मले वाटलं, नूपुर मॅडम खाली पाहीन. पण ती पोरगी समोर आली. म्हणाली, 'सर, तीन बार मेल किया है. तारीख बता सकती हूँ.' मी तिच्याबद्दल मनात जे जे म्हटलं होतं ते सारं तिथेच मागे घेतलं.

साहेब म्हणाले, 'हो जाएगा.' मी विचारलं, 'कोन्से दिन?' दादा, हे मात्र तुझ्यापायी. तुझ्या पक्षाच्या सभा ऐकून ऐकून एवढं शिकली, 'होऊन जाईन' म्हणणाऱ्याले तारीख विचारावी. साहेब कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, 'बुधवार.' खालून बाया ओरडल्या, 'बुधवार! बुधवार!' ज्या सही कराले घाबरल्या होत्या त्या सगळ्यात मोठ्यानं ओरडून राहिल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्जावर सह्या झाल्या एकशे चाळीस. काही अंगठे.

जितेंद्र जाताना म्हणाला, 'ताई, उद्या गेटवर तुमचं कार्ड चालणार नाही, बघा.' सोमवारी मी गेटवर गेली, कार्ड लावलं, अन् लाल दिवा! मागे बाया उभ्या. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. गेटवरचा चौकीदार म्हणाला, 'मावशी, हे पॅनकार्ड आहे.' घाबरून भलतंच काढलं होतं. खरं कार्ड लावलं तं हिरवा. मी आत अशी गेली, जशी तुझी मिरवणूक निघते, फक्त डीजे नव्हता.

काल बुधवारी दुपारी ट्रक आला. एकशे चाळीस स्टुलं! पाय वेगळे, पाट वेगळे, नटबोल्ट पिशवीत. जोडायचं काम जितेंद्रवर आलं. वाकून वाकून त्याची कंबर धरली, तं मीच म्हटलं, 'बस गा जितेंद्र, उभ्यानं कायले कसतो?' तो खाली मांडी घालून बसला अन् थोड्या वेळानं म्हणाला, 'ताई, मी तं वरून आलं तसं करतो, माझ्या पायाले का विचारते कोणी?' वाईट नाही पोट्टा. मी त्याच्यासाठी पाना धरला अन् बोल्ट दिले. पहिलं स्टूल भागीरथाबाईले. ती बसली, दोन्ही पाय समोर लांब केले अन् मिक्सरच्या खोक्याले टेप लावली. काम तेवढंच झालं, बरं का. कालचा आकडा परवापेक्षा बारा खोके जास्तच होता. ऊर्जा खाली गेली असन तं हातात गेली.

तं आता माझं मत ऐक. तुमच्या पक्षात सारे खुर्चीसाठी भांडतात, पेपरात फोटो येतात, कोणाले लाज वाटत नाही. बाईनं स्टुलासाठी भांडलं की तिचं तोंड मोठं होते. काहून? मी सांगते, माझं तोंड होतं तेवढंच आहे. फक्त ते आता कपाटात राहत नाही.

वहिनीले नमस्कार, तुझ्या गुडघ्याले आराम. प्रणालीले आत्याकडून गालावर एक मुका.

तुझी, (अजून नोकरीत असलेली)
लतिका

ता. क. आज सकाळी गोडावनात नवीन पोस्टर लागलं. स्टुलावर हात ठेवून साहेबाईचा फोटो अन् खाली लिहिलेलं, 'बैठक: आमच्या नेतृत्वाची एक संवेदनशील कल्पना.' बाया चिडल्या. मी म्हटलं, कल्पना त्याईले घेऊ द्या, स्टुलं आपल्याले राहू द्या. रडकं तोंड बी आता दबते. नूपुर मॅडमनं दुरुस्त करून घेतलं.

ता. क. दुसरा. आता पत्राचं खरं काम. (इथपर्यंत वाचलं म्हणजे तू खुशीत असशील, म्हणून शेवटी लिहून राहिली.) प्रणालीले वकिलीचं शिकायचं आहे. तिनं तुले तीनदा सांगितलं, तू तीनदा झेरॉक्सची शाई संपली म्हणून उठून गेला. प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिनं ऑनलाइन भरला आहे. माझी खोली लहान अन् कॉलेज लांब, म्हणून मुलींच्या वसतिगृहाचा कागद पाकिटात ठेवला आहे. पालकाची सही जिथे करायची तिथे मी पेन्सिलीनं फुली मारली आहे.

ता. क. तिसरा. पाडव्याले भिवापूरहून जे पाहुणे प्रणालीले पाहाले येणार होते, ते येणार नाहीत. मी मुलाच्या आईले, सिंधूताईले, फोन केला. नंबर वहिनीनं दिला, तिले काही म्हणू नको. मी त्याईले सरळ सांगितलं की पोरगी तीन वर्षं शिकणार आहे. मले वाटलं, त्या मले चार शब्द ऐकवतीन. त्याईनं हळूच विचारलं, 'त्या वसतिगृहात अजून जागा आहे का वं? माझी पोरगी रोशनी बी घरीच आहे.' पाकिटात दोन कागद आहेत, दादा. एकावर तू सही कर, अन् दुसरा भिवापूरले नेऊन दे.